घसारासाहेबांच्या गाडीचा रास्त भाव

घसारासाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं आणि पोस्टमन सोडला तर ते कुणी वाचत नव्हतं. विमा कंपन्यांच्या वतीने ठोकर बसलेल्या गाड्या तपासायच्या आणि नुकसानीचा आकडा लिहायचा, हा त्यांचा एकतीस वर्षांचा पेशा. शहर लहान, सर्व्हेअर एकच. त्यामुळे ज्याच्या म्हणून गाडीला कधी ठोकर बसली, त्या प्रत्येकाच्या आयुष्यात एक सकाळ अशी येऊन गेली होती, की गॅरेजच्या दारात स्कूटर लावून हा सडपातळ माणूस आत आला, खिशातून बोटभर विजेरी काढली, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि शांतपणे म्हणाला, "बंपर प्लॅस्टिकचा आहे. निम्मा घसारा जाईल."

घसारा म्हणजे वस्तू जुनी होईल तशी तिची किंमत झिजत जाणं. एवढं सगळ्यांनाच कळतं. पण साहेब हा शब्द ज्या मायेने उच्चारत, त्या मायेने त्यांनी बायकोलाही कधी हाक मारली नव्हती. प्लॅस्टिक असेल तर निम्मा, रबर असेल तर निम्मा, पत्रा असेल तर वयाप्रमाणे, आणि मालक जास्त बोलत असेल तर पत्र्याखालचा गंज जुना. बेकरीवाल्याच्या पावाच्या गाडीचा दरवाजा बसने उडवला, तेव्हा साहेबांनी जमिनीवर पडलेला दरवाजा उलटा करून पाहिला आणि बिजागरीजवळचा गंज दाखवून सांगितलं, की हा आज ना उद्या पडणारच होता, बस केवळ निमित्त. औषधाच्या दुकानदाराचा एक दिवा फुटला, तर साहेबांनी न फुटलेला दुसरा दिवा तपासला आणि तोही पिवळा पडलाय म्हणून फुटक्याचे पैसे कापले.

लाच मात्र ते खात नसत. खाल्ली असती तर लोकांनी एखादवेळी माफ तरी केलं असतं.

तर या घसारासाहेबांवर त्रेसष्टाव्या वर्षी स्वतःची गाडी विकायची पाळी आली. राखाडी रंगाची, चार दारांची, नऊ वर्षांची. नऊ वर्षांत एक्केचाळीस हजार किलोमीटर झालेली, कारण ती बाहेर काढायची म्हणजे साहेबांच्या जिवावर यायचं. आत बसताना बूट एकमेकांवर आपटून धूळ झाडायची, आत काही खायचं नाही, काचेला बोट लावायचं नाही. मुलगी लहानपणी स्कूटरवर आनंदात वाढली आणि मोठेपणी गाडीत बसली की अवघडून जायची. पुढे ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. साहेबांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला, आणि एकाच महिन्यात गाडी फाटकाच्या खांबाला दोनदा लागली. नाचता येईना अंगण वाकडं, तसं साहेबांनी खांब ओळंब्यात नसल्याचं जाहीर केलं. शस्त्रक्रिया झाली, नजर सुधारली, खांब होता तिथेच होता. पण साहेबांनी पुन्हा चाकाला हात लावला नाही. अकरा महिने गाडी झाकणाखाली उभी राहिली. तिचा विमा मात्र भरायचा तो भरलाच.

शेवटी त्यांच्या बायकोने विषय काढला. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणे. सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर तीस वर्षं बसून ती निवृत्त झाली होती, आणि माणूस खिडकीसमोर आला की त्याचं खरं दुखणं काय आहे हे तो सांगायच्या आत तिला समजायचं. ती म्हणाली, उभी गाडी म्हणजे बसून खाणारा पाहुणा, आता काढून टाकू.

साहेबांना विकणं पटलं. फक्त रास्त भाव आला पाहिजे, असं ते म्हणाले. तो भाव काढायला त्यांना चार दिवस लागले. गाडी घेतली तेव्हाची किंमत वर लिहिली. तिच्यातून वयापोटी थोडी रक्कम वजा केली, अगदी नाइलाजाने, औषधाचा कडू घोट घ्यावा तशी. मग मिळवायला सुरुवात केली. आसनांची आच्छादनं. पायाखालचे गालिचे. दर सहा महिन्यांनी केलेली सर्व्हिस. आत कुणीही कधीही काही खाल्लेलं नाही, त्याचे वेगळे. आणि शेवटच्या ओळीत 'जपणूक' असं लिहून पुढे ऐंशी हजार. एकूण चार लाख पंच्याहत्तर हजार.

वहिनींनी कागद वाचला आणि विचारलं, यात घसारा कुठे आहे?

"घसारा गाडी वापरली तर असतो," साहेब म्हणाले. "ही मी जपली आहे."

मुलीने फोनवरून जाहिरात टाकून दिली. साहेबांनी लिहून दिलेला मजकूर दीड पानांचा होता. तिने तो चार ओळींवर आणला. निर्दयपणे कापाकापी केलीस, असं साहेब म्हणाले, तेव्हा ती म्हणाली की बाबा, शेवटी मी तुमचीच मुलगी.

पहिल्या रविवारी सकाळी नऊ वाजता बेकरीवाला आला. साहेबांना बरं वाटलं. माणूस कष्टाळू, धंदा चालणारा, पैसे रोख देईल. बेकरीवाल्याने नमस्कार केला, खिशातून विजेरी काढली, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मागे उकिडवा बसला आणि म्हणाला, "बंपर प्लॅस्टिकचा दिसतोय." मग चहा पिऊन, विचार करून सांगतो म्हणून निघून गेला.

दुपारी औषधाचा दुकानदार आला. त्याने चारही टायरांवरून बोट फिरवलं, रबर आहे म्हणाला, आणि दोन्ही पुढच्या दिव्यांसमोर बराच वेळ उभा राहिला. डावा पिवळसर वाटतो का हो, असं त्याने विचारलं. साहेबांनी वाटत नाही म्हणून सांगितलं. मला वाटतो, असं म्हणून तो गेला.

पुढच्या रविवारी शाळेच्या बसचे मालक, लाँड्रीवाला, एक निवृत्त परिचारिका आणि दोन सख्खे भाऊ, जे एरवी एकमेकांशी बोलत नसत. सगळ्यांनी दोन फेऱ्या मारल्या. सगळ्यांनी वाकून गाडीखाली पाहिलं. परिचारिकाबाईंनी तर वही आणली होती. भाव मात्र एकानेही विचारला नाही. वहिनींनी पहिल्या चौघांना चहा केला आणि त्यानंतर नुसतं पाणी ठेवलं. खरा प्रकार त्यांच्या लक्षात दुसरा माणूस आला तेव्हाच आला होता. साहेबांच्या लक्षात यायला तिसरा रविवार उजाडला. त्या दिवशी कोपऱ्यावरचा न्हावी आला, बोनेट उघडायला लावून इंजिनकडे गंभीरपणे बघत राहिला, आणि साहेबांना एकदम आठवलं, की याला गाडी चालवता येत नाही.

ते आत येऊन बसले. "हे लोक गाडी घ्यायला येत नाहीत," ते म्हणाले.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "पाहणी करायला येतात."

त्यानंतर आलं ते खरंखुरं गिऱ्हाईक, म्हणजे जुन्या गाड्यांचा दलाल. पांढरा शर्ट, गोड जीभ. त्याची रीत ठरलेली होती. आधी त्याचीच दोन माणसं वेगवेगळ्या नावांनी येऊन गेली. एकाने एक लाख नव्वद सांगितले, दुसऱ्याने दोन दहा. म्हणजे दलालाने स्वतः येऊन दोन लाख साठ हजार म्हटलं की मालकाला तो देवमाणूस वाटावा. साहेबांना तो देवमाणूस वाटला नाही. त्यांनी आपली फाइल उघडली. दलालाने फाइलकडे बघितलंही नाही. त्याने गाडीच्या मागच्या डाव्या दरवाज्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं, मग उजव्या दरवाज्यावर केलं, मग पुन्हा डाव्यावर. उजवा वाजला डब्यासारखा, डावा भिंतीसारखा. आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वरून रंग मारला होता.

"खांब का हो साहेब?" दलालाने प्रेमाने विचारलं.

वहिनी दारातच उभ्या होत्या. खांबाला लागून नुसता रंग उडाला, असं साहेबांनी त्यांना त्या वेळी सांगितलं होतं. दरवाजा चेमटला होता आणि दुसऱ्या शहरात नेऊन गुपचूप दुरुस्त केला होता, हे त्यांना आज कळत होतं. दुसऱ्या शहरात अशासाठी, की इथल्या गॅरेजवाल्यांना साहेबांच्या गाडीला पोचा आलेला बघून फार आनंद झाला असता.

साहेबांनी दलालाला फाटकापर्यंत पोहोचवलं आणि पुढचे तीन दिवस वहिनींना बाजार या विषयावर ऐकवलं. बाजारात नुसते लुटारू भरलेत. माणसाच्या वस्तूत खोट काढायची आणि भाव पाडायचा, हा काय धंदा झाला? समोरचा गरजू आहे हे हेरायचं, त्याला बोलू द्यायचं नाही, आणि मग आकडा तोंडावर फेकायचा. वहिनी हे सगळं भाजी निवडता निवडता ऐकत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, कारण केली असती तर हसू फुटलं असतं.

चौथ्या दिवशी त्यांनी साहेबांची जुनी विजेरी आणि कपाटात उरलेल्या पाहणीच्या छापील फॉर्मांतला एक फॉर्म टेबलावर आणून ठेवला.

"अहो, एक करा. ही गाडी आपली नाहीच असं धरा. कुणा परक्याची आहे. खाली जा, नीट पाहणी करा आणि आकडा लिहा."

साहेब म्हणाले, हा पोरखेळ आहे. फॉर्म दिवसभर टेबलावर पडून राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्याच्याजवळून दोनदा गेले, तिसऱ्यांदा थांबले. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. हात शिवशिवत होते. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

खाली उतरले ते मालक म्हणून, पण पहिली फेरी पूर्ण होईस्तोवर त्यांच्यातला मालक कुठे गळून पडला ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. कंबर आपोआप वाकली, विजेरी आपोआप चाकाच्या कमानीत शिरली. डाव्या दरवाज्याची लांबी त्यांनी इतक्या तुच्छतेने नोंदवली, की जणू ती भरून घेणारा माणूस समोर उभा आहे. दाराच्या पायरीखाली गंजाची रेघ सापडली. क्लच उंचावर पकडतो, म्हणजे झिजलाय. डिकीतला गालिचा उचलला तर खाली पाण्याचा जुना डाग. मागच्या काचेच्या रबरातून पाणी झिरपत होतं. नऊ वर्षं त्यांनी हा गालिचा वरून झटकला होता, उचलला कधीच नव्हता. डाग दिसला तेव्हा त्यांच्या तोंडून "सापडला!" असं निघून गेलं. निवृत्तीनंतरच्या तीन वर्षांत त्यांची इतकी चांगली सकाळ गेली नव्हती.

फॉर्म भरला, बेरीज मारली, सवयीने खाली सही ठोकली. दोन लाख चौऱ्याऐंशी हजार.

आणि मग वर बघितलं तर गाडी त्यांचीच होती.

वहिनींनी फॉर्म वाचला, जाहिरातीचा आकडा आठवला आणि विचारलं, "चार पंच्याहत्तर कुणाचे आणि हे दोन चौऱ्याऐंशी कुणाचे?"

"ते मालकाचे. हे सर्व्हेअरचे."

"आणि एकतीस वर्षं मालकाचं कोण ऐकत होतं?"

साहेबांनी पेनाचं टोपण बंद केलं. त्या दिवशी ते गॅलरीतल्या खुर्चीत बसून राहिले. एकामागून एक चेहरे डोळ्यांपुढे येत होते: गॅरेजच्या दारात, कागद हातात धरून, तोंड किंचित उघडं ठेवून उभे असलेले चेहरे. ते तेव्हा काय बोलायचे ते साहेबांना शब्दशः आठवलं. साहेब, मी फार जपली होती हो. एखाद्याला अशा वेळी वाईट वाटलं असतं. साहेबांना त्या सगळ्यांचा राग आला. त्यांचं म्हणणं तेव्हाही खरंच होतं, आणि ते तसं असायची काही गरज नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून वहिनींनी कारभार हातात घेतला. जवळच्या गॅरेजमधून मागच्या काचेचं रबर बदलून घेतलं, नवी बॅटरी बसवली, गाडी आतून बाहेरून धुऊन काढली. तशाच गाड्यांच्या सात जाहिराती मुलीकडून काढवून घेतल्या आणि कोण काय मागतंय ते एका कागदावर मांडलं. मग जाहिरात नवीन लिहिली. भाव तीन लाख चाळीस हजार. खाली तीन ओळी: डावा मागचा दरवाजा खांबाला लागून दुरुस्त केलेला आहे, गाडी अकरा महिने उभी होती, क्लच वर्षभरात बदलावा लागेल. आपला मेकॅनिक आणून तपासा.

साहेबांना हे वाचून घाम फुटला. आपल्या वस्तूची खोट आपणच चव्हाट्यावर मांडतं का कुणी?

"दवाखान्यात जे स्वतःहून सगळं सांगायचे ना," वहिनी म्हणाल्या, "त्यांनाच नीट औषध मिळायचं. लपवणारे चार खेपा मारायचे."

चार दिवसांत तीन खरे फोन आले. त्यातला तिसरा ड्रायव्हिंग क्लास चालवणाऱ्या बाईंचा. पन्नाशीच्या, खांदे रुंद, बोलणं मोजकं. त्या स्वतःचा मेकॅनिक घेऊन आल्या. त्याने तासभर गाडी वरखाली तपासली आणि जाहिरातीत लिहिलंय त्याहून वेगळं काही नाही असं सांगितलं. मग बाई चालवून बघायला निघाल्या. साहेब शेजारी बसले, वहिनी मागे. पहिल्या दोन वळणांवर साहेबांनी सूचना दिल्या. तिसऱ्या वळणावर बाई म्हणाल्या, की बावीस वर्षं मी शेजारच्या सीटवर बसून सूचना देते आहे, आज मला चालवू द्या.

थोडं अंतर गेल्यावर त्यांनी समोर बघतच विचारलं, ओळखलंत का? साहेबांनी त्यांना ओळखलं नव्हतं. पण अकरा वर्षांपूर्वी क्लासच्या गाडीला ट्रकने ठोकरलं होतं, असं त्या म्हणाल्याबरोबर त्यांना फाइल आठवली. लाल गाडी, डावी बाजू, शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा ब्रेक आणि क्लच.

"निम्म्याहून जास्त कापलेत," बाई म्हणाल्या. "चार महिने क्लास बंद होता."

"ते जादा ब्रेक बाहेरून बसवलेले होते. पॉलिसीत त्यांची नोंद नव्हती. नियमात बसत नव्हतं."

"हो. नोंद करायची असते हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला होतं."

"मला कुणी विचारलं नाही," साहेब म्हणाले.

बाईंनी गिअर बदलला. मागे वहिनींनी खिडकीची काच थोडी खाली केली. साहेबांना वाटलं, झालं, ही आता अकरा वर्षांचं उट्टं काढणार; दोन लाखांवर गाडी उतरवणार.

घरी आल्यावर बाईंनी तीन लाख दहा सांगितले. वहिनी तीन चाळीसवर होत्या. क्लचचे वीस धरा, असं मेकॅनिक म्हणाला. रबर आणि बॅटरी नवी आहे, तेही धरा, असं वहिनी म्हणाल्या. पेल्यांतलं पाणी संपायच्या आत सौदा तीन लाख पंचवीस हजारांवर ठरला. दोघींपैकी कुणीही आवाज चढवला नाही, कुणीही उठून जायचं नाटक केलं नाही. साहेब नुसते बघत होते. एवढा मोठा व्यवहार आणि त्यात एकही माणूस खचला नाही, हे त्यांनी प्रथमच पाहिलं.

न राहवून त्यांनी विचारलं, "मला वाटलं, तुम्ही जास्त कापाल."

"मला गाडी हवी होती," बाई म्हणाल्या. "बाकीचं गाव बघून घेतंय."

पैसे बँकेत जमा झाल्याचा निरोप फोनवर आल्यावरच वहिनींनी किल्ल्या दिल्या, आणि नाव बदलण्याच्या कागदांवर सह्या झाल्याशिवाय बाईंना उठू दिलं नाही. सगळं आटोपल्यावर बाईंनी साहेबांपुढे एक गोष्ट मांडली. क्लासला येणाऱ्यांना त्या गाडी चालवायला शिकवत, पण ठोकर बसल्यावर काय करायचं हे शिकवणारं कुणी नव्हतं. दर शनिवारी एक तास साहेबांनी येऊन सांगावं. सर्व्हेअर कुठे कुठे कापतो, तेवढंच.

साहेबांनी मानधन विचारलं. बसभाडं मिळेल, असं बाई म्हणाल्या.

पश्चात्ताप म्हणाल तर त्याचा साहेबांना स्पर्श झाला नाही. गल्लीत ते छाती पुढे काढून सांगत फिरले, की सर्व्हेअरने काढलेल्या आकड्यापेक्षा एक्केचाळीस हजार जास्त मिळवले. सर्व्हेअर कोण, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. शनिवारचं निमंत्रण मात्र त्यांनी लगेच स्वीकारलं, कारण एकतीस वर्षांत त्यांच्या कामाबद्दल त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

क्लासची खोली जिन्याखाली होती. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचे तक्ते, नऊ प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक फळा. पहिल्या शनिवारी सहा शिकाऊ माणसं आली आणि सहाही जण फोनमध्ये बघत होते. साहेबांनी फळ्यावर गाडीचं चित्र काढलं, तिच्यावर एक फुली मारली आणि म्हणाले, "समजा, ही तुमची."

मग ते बोलायला लागले. गाडी जागची हलवायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढा. पॉलिसी घेताना बाहेरून बसवलेली प्रत्येक वस्तू लिहून घ्या. जुना गंज असेल तर त्याचा आजच तारखेसह फोटो काढून ठेवा, म्हणजे उद्या कुणी तो नव्या जागेवर सरकवणार नाही. सर्व्हेअर गप्प बसला की तुम्ही बोलू नका. तो तुमच्या बोलण्याचीच वाट बघत असतो. एकेक युक्ती ते जादूगाराने खिसे उलटे करून दाखवावेत तशी उलगडत होते, आणि मध्येच आपल्याच एखाद्या जुन्या करामतीवर खूश होऊन हसत होते. बाकी कुणी हसत नव्हतं. सगळे लिहून घेत होते. तासाचे दोन तास झाले. मागच्या खुर्चीवरच्या एका बाईने शेवटी विचारलं, की हे सगळं आधीच लोकांना का सांगत नाहीत?

"सांगितलं तर मग पैसे द्यावे लागतात," साहेब म्हणाले, आणि फळा पुसायला वळले.

वर्षभरात शहरातला नवा सर्व्हेअर जेरीस आला. लोक फोटो, बिलं आणि तारखा घेऊन येत, आणि तो गप्प बसला की तेही गप्प बसत. त्याने एकदा साहेबांना फोन करून हे थांबवा म्हणून विनवलं. साहेबांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि वहिनींना सांगितलं, की हल्लीच्या पोरांना काम येत नाही. मग ते शनिवारचा शर्ट इस्त्री करायला बसले. शनिवारी तेरा जण येणार होते आणि बाईंनी चार खुर्च्या वाढवल्या होत्या.